तिच्या नावाची ठेव

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या समाधीला नमन करण्यासाठी दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येथे येतात. रामनवमीला तर गाव माणसांनी फुलून जाते. २३ फेब्रुवारी २०२१ रोजीही पोहरादेवीत अशीच गर्दी झाली होती, पण ती यात्रेची नव्हती. करोनाचा संसर्ग विदर्भात पुन्हा वाढू लागला होता, राज्य शासनाने गर्दीच्या कार्यक्रमांना मनाई केली होती, आणि तरीही हजारो माणसे व वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्या दिवशी एका मंत्र्याची वाट पाहत उभे होते. त्या गर्दीच्या मुळाशी होता सोळा दिवसांपूर्वी, शेकडो किलोमीटर दूर पुण्यात झालेला एका तरुणीचा मृत्यू.

ती मूळची बीड जिल्ह्यातील परळीची. वय बावीस-तेवीस. शिकण्यासाठी पुण्यात आलेली. ७ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री वानवडी परिसरातील एका इमारतीवरून पडून तिचा मृत्यू झाला. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पुढच्या काही दिवसांत जवळजवळ डझनभर ध्वनिफिती समाजमाध्यमांवरून घरोघर पोहोचल्या. त्यांतील आवाज कोणाचे आणि बोलण्याचा अर्थ काय, हे जो तो ठामपणे सांगू लागला. तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांचे नाव या प्रकरणाशी जोडले गेले. त्यांनी पोहरादेवीत येऊन आरोप फेटाळले, २८ फेब्रुवारीला मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. राजकारण आपल्या गतीने पुढे गेले. ज्या मुलीभोवती ते महिनाभर फिरत राहिले, तिचे नाव या लेखात घेतलेले नाही. ते पुरेसे घेऊन झाले आहे.

त्या महिन्यात महाराष्ट्रातील किती घरांत जेवणाच्या ताटावर तिची चर्चा झाली असेल, याची गणती कोण करणार? ती कोणाशी बोलत होती, कोणत्या गाडीतून फिरत होती, छायाचित्रात तिच्या चेहऱ्यावर कोणता भाव होता, वडिलांना काही ठाऊक होते की नव्हते, अशा प्रश्नांची उत्तरे परळी किंवा पुणे कधी न पाहिलेली माणसेही देत होती. जिवंत माणसाविषयी असे बोलताना निदान एवढी भीती असते की उद्या तो समोर येऊन उभा राहील आणि जाब विचारेल. मृत किंवा बेपत्ता मुलीच्या बाबतीत ती भीती उरत नाही. एक मुलगी गप्प झाली की तिच्याविषयी बोलायला सगळे मोकळे होतात.

त्या घराला शेवटी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मुलीची बदनामी थांबावी म्हणून तिचे वडील मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२१ च्या प्रारंभी न्यायालयाने तिच्या मृत्यूला व तिच्या कथित संबंधांना अनावश्यक प्रसिद्धी देण्यास प्रसारमाध्यमांना अंतरिम मनाई केली. या आदेशाची पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे. ही घटना घडण्याच्या अवघे वीस दिवस आधी, १८ जानेवारी २०२१ रोजी, याच न्यायालयाने अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाविषयी सविस्तर निकाल दिला होता. आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीला दुबळ्या चारित्र्याची ठरवू नये, तिच्या खासगी आयुष्यात डोकावू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. निकालाची शाई वाळण्यापूर्वीच तो विसरला गेला. वृत्तवाहिन्यांना निदान न्यायालयाची भीती असते. ज्याच्या हातात फक्त मोबाईल आहे त्याला आपणही प्रसिद्धी देत आहोत, याची जाणीवसुद्धा नसते. एकाने पाठवले ते दुसऱ्याने पुढे ढकलले, एवढाच त्याचा हिशेब.

हा स्वभाव केवळ मोबाईलने जन्माला घातला, असे म्हणणे मात्र सोयीचे ठरेल. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री इंग्लंडमधील प्रसिद्ध रहस्यकथा-लेखिका अगाथा ख्रिस्ती घरातून निघून गेल्या. त्यांची मोटार एका उतारावर सोडून दिलेली सापडली. हजारो स्वयंसेवक शोधाला लागले, वृत्तपत्रांनी रोज नवे तर्क छापले, पतीनेच काही घात केला असावा अशी कुजबुज सुरू झाली. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेट गावातील एका हॉटेलात सुखरूप सापडल्या. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या अकरा दिवसांविषयी मौन पाळले. निघून गेलेली आणि परत आलेली स्त्री आपल्या जाण्याचा हिशेब जगाला देणे लागत नाही, हे त्या मौनाने दाखवून दिले. त्यांच्या काळी तर्क छापायला छापखाना लागत होता आणि सकाळचा अंक संध्याकाळपर्यंत शिळा होत होता. आज तर्काला छापखाना लागत नाही आणि तो शिळाही होत नाही.

२०२३ च्या जानेवारीत इंग्लंडच्याच लँकेशायर परगण्यात याची प्रचिती आली. सेंट मायकेल्स ऑन वायर या लहानशा गावातील पंचेचाळीस वर्षांची एक माता २७ जानेवारीच्या सकाळी दोन मुलींना शाळेत सोडून कुत्र्याला घेऊन नदीकाठी फिरायला गेली आणि परतली नाही. तिचा मोबाईल बाकावर सापडला. कामाच्या बैठकीचा दूरध्वनी त्यावर सुरूच होता. ती नदीत पडली असावी, हा पोलिसांचा पहिल्यापासूनचा कयास होता. परंतु जगाला तो फार साधा वाटला. बाकावरचा मोबाईल हा बनाव आहे, जोडीदार काहीतरी लपवतो आहे, समोरच्या रिकाम्या घरात काहीतरी आहे, असे तर्क लाखो लोकांनी पाहिलेल्या चित्रफितींतून मांडले गेले. काही जण दूरच्या शहरांतून गाड्या करून त्या गावात आले, खासगी जागांत शिरले, चित्रीकरण करत हिंडले. त्यांना पांगवण्यासाठी पोलिसांना आदेश काढावे लागले. तर्क थोपवण्याच्या प्रयत्नात पोलिसांनी त्या स्त्रीच्या आजारपणाविषयीची अत्यंत खासगी माहिती जाहीर केली आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. १९ फेब्रुवारीला ती नदीतच, बेपत्ता झाली त्या जागेपासून सुमारे एका मैलावर मृतावस्थेत सापडली. जून महिन्यातील न्यायिक चौकशीचा निष्कर्ष होता अपघाती बुडून मृत्यू. अतिथंड पाण्यात पडल्यावर श्वास कोंडतो आणि काही क्षणांत सगळे संपते, असे तज्ज्ञांनी सांगितले. सत्य पहिल्या दिवसापासून तेथेच वाहत होते. मधल्या तेवीस दिवसांत दोन लहान मुलींच्या वडिलांना साऱ्या जगाने गुन्हेगार ठरवून पाहिले होते.

त्याहून दहा वर्षांपूर्वीची एक घटना तर भारतीय वंशाच्या कुटुंबाने भोगली आहे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात शिकणारा त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा १६ मार्च २०१३ रोजी बेपत्ता झाला. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी समाजमाध्यमावर एक पान सुरू केले, त्याची छायाचित्रे लावली, घरी परत ये अशी प्रेमाची साद घातली. १५ एप्रिलला बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाले. पोलिसांनी संशयितांची अस्पष्ट छायाचित्रे प्रसिद्ध करताच हौशी शोधकांनी त्यांतील एक चेहरा या मुलाच्या चेहऱ्याशी जुळवला. पाहता पाहता ज्या पानावर आधाराचे शब्द येत होते, तेथे शिव्याशापांचा पूर आला. घरच्यांना ते पान बंद करावे लागले. खरे संशयित वेगळेच निघाले. २३ एप्रिलला त्या मुलाचा मृतदेह प्रॉव्हिडन्स शहरातील नदीपात्रात सापडला. बाँबस्फोट झाले त्याच्या पुष्कळ आधीच तो या जगातून गेलेला होता. आपला मुलगा शोधून द्या, असा टाहो फोडणाऱ्या आईबापांच्या पदरात जगाने ‘तुमचा मुलगा दहशतवादी आहे’ हे उत्तर टाकले. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. मदत करत आहोत, असेच त्यांना वाटत होते.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. अनुमान करणारा माणूस स्वतःला कधी निंदक म्हणवत नाही. तो काळजी करत असतो, न्याय मागत असतो, निदान ‘फक्त विचारत’ असतो. कुतूहल करुणेचे वस्त्र पांघरून येते, म्हणून ते ओळखणे कठीण जाते. ओळखण्याची एक साधी कसोटी मात्र आहे. करुणेला जे ठाऊक असते ते ती योग्य जागी जाऊन सांगते आणि थांबते. कुतूहलाला काहीच ठाऊक नसते, तरी ते बोलत राहते आणि उत्तर मिळाल्यावरही त्याचे समाधान होत नाही.

दूरच्या घटना दूरच राहिल्या असत्या, तर त्यांची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु अशा प्रत्येक चर्चेचा परिणाम कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर अशा गावांतील घराघरांवर होत असतो. या तालुक्यांतील मुली आता शिक्षणासाठी अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे जातात. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात, नोकऱ्या करतात. ज्यांच्या आजीने स्टेशनसुद्धा एकटीने पाहिले नाही, त्यांच्या नाती रात्रीच्या बसने एकट्या घरी येतात. त्यामागे बापाची कमाई असते, आईचा धीर असतो आणि मुलीचे कष्ट असतात. एका अनोळखी मुलीचे आयुष्य चव्हाट्यावर मांडले गेले की या सगळ्यांच्या मनात एकच विचार येतो: उद्या आमच्या मुलीवर काही प्रसंग आला, तर तिच्याविषयीही हेच बोलले जाईल.

या विचाराचे फळ फार कडू आहे. मुलगी ठरलेल्या वेळी घरी आली नाही, तिचा फोन लागत नाही, मैत्रिणींना ठाऊक नाही, अशा घडीला घरच्यांनी तत्काळ पोलीस ठाण्यात जायला हवे. परंतु पुष्कळ घरांत पहिला प्रश्न ‘ती कुठे असेल’ हा नसतो, ‘लोक काय म्हणतील’ हा असतो. मग आधी मामाला विचारले जाते, मग काकाला, मग गुपचूप तिच्या शहरात माणूस पाठवला जातो. शेजाऱ्यांना सांगितले जाते की ती आजोळी गेली आहे. या लपवालपवीत जो वेळ जातो, तोच शोधासाठी सर्वांत मोलाचा असतो. रस्त्यावरच्या आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण फार दिवस टिकत नाही. जुन्यावर नवे चढते. रिक्षावाल्याची, बसवाहकाची, चहावाल्याची आठवण दिवसागणिक पुसट होते. फोन बंद पडण्यापूर्वी कोठे होता हे जितके लवकर कळेल, तितका तपासाचा परीघ लहान राहतो. लोकांच्या तोंडाच्या भीतीने घराने तोंड मिटले की संकटात सापडलेल्या मुलीचे पहिले साहाय्य तेथेच तुटते. जे एका मुलीविषयी वाटेल ते बोलतात, ते पुढच्या दहा मुलींच्या घरांना मुके करतात.

आणि अशी घरे थोडी नाहीत. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशभरात १३ लाखांहून अधिक स्त्रिया आणि मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यांपैकी अठरा वर्षांवरील १,७८,४०० स्त्रिया एकट्या महाराष्ट्रातील होत्या. हे नोंदींचे आकडे आहेत. बेपत्ता म्हणून नोंदलेल्यांपैकी अनेक जणी पुढे परततात किंवा सापडतात. कोणी घरातील जाचाला कंटाळून गेलेली असते, कोणी मनाविरुद्ध ठरलेल्या विवाहाच्या भीतीने, कोणी परीक्षेतील अपयशाने, कोणी मनाच्या आजाराने, कोणी स्वतः निवडलेल्या जोडीदाराबरोबर, आणि कोणी खरोखरच घातपाताला बळी पडलेली असते. या लाखोंतील एखादीच चर्चेचा विषय होते, आणि तीही तिच्या संकटाच्या गांभीर्यामुळे होतेच असे नाही. छायाचित्र सुंदर असावे, प्रकरणात एखादे मोठे नाव असावे, एखादी ध्वनिफीत हाती लागावी, एवढ्यावर ते ठरते. उरलेल्या लाखो जणींविषयी कोणालाच काही विचारावेसे वाटत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळण्यासारखा नाही. लोकांनी आवाज उठवला नाही, तर मोठी माणसे सुटून जातील, असे अनेक जण म्हणतील. त्यात तथ्य आहे. सत्तेपुढे समाजाने गप्प बसावे, असे कोणताही विचारी माणूस सांगणार नाही. परंतु आवाज उठवणे आणि अनुमान पसरवणे यांत अंतर आहे, आणि ते दाखवणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे या मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील. एप्रिल २०१६ मध्ये त्या नवी मुंबई परिसरातून बेपत्ता झाल्या. संशय होता तो पोलीस दलातीलच वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याच्यावर. स्वतः पोलीस अधिकारी असलेली स्त्री नाहीशी झाली, तरी गुन्हा नोंदवला जायला पुढचे वर्ष उजाडले. तिच्या पतीने, भावाने आणि वडिलांनी कार्यालयांचे उंबरे झिजवले, अर्ज केले, न्यायालयात धाव घेतली, हाती असलेला प्रत्येक पुरावा तपास अधिकाऱ्यांपुढे ठेवला. डिसेंबर २०१७ मध्ये कुरुंदकरला अटक झाली. मोबाईल कोणत्या वेळी कोठे होते, याचे तांत्रिक पुरावे खटल्यात महत्त्वाचे ठरले. मृतदेह अखेरपर्यंत मिळाला नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. नऊ वर्षे लागली. तेथे वृत्तपत्रांनी प्रश्न विचारले, लोकांनीही विचारले, आणि ते आवश्यकच होते. मात्र ते प्रश्न तपास का होत नाही, गुन्हा का नोंदवला जात नाही, असे होते. त्या कुटुंबाचे बळ पुराव्यात आणि चिकाटीत होते. प्रश्न सत्तेला विचारला की न्यायाची वाट मोकळी होते. तोच प्रश्न बेपत्ता मुलीच्या चारित्र्याला विचारला की गुन्हेगाराचेच काम सोपे होते.

वाणीच्या या दोषांची श्रावकाचारात फार पूर्वी बारकाईने मांडणी झालेली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. ते आजच्या मोबाईलसमोर ठेवून वाचले तर विस्मय वाटतो. स्त्री-पुरुषांच्या एकांतातील गोष्ट उघड करणे हे रहोभ्याख्यान. चेहऱ्यावरील भाव किंवा हालचाली यांवरून दुसऱ्याच्या मनातले ताडून ते जगजाहीर करणे हा साकारमंत्रभेद. खोटा लेख तयार करणे ही कूटलेखक्रिया. जोडलेली छायाचित्रे आणि कापून चिकटवलेले संवाद यांना आज दुसरे नाव नाही. श्वेतांबर परंपरेच्या यादीत सहसाभ्याख्यान हा अतिचार येतो. विचार न करता, एकदम कोणावर दोष ठेवणे, असा त्याचा अर्थ. प्रतिक्रमणात या दोषांची आलोचना करणाऱ्या घरांत दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मोबाईलवर पुढे धाडली जात असेल, तर त्या आलोचनेला काय अर्थ उरला?

या पाचांतील न्यासापहार अधिक विचार करायला लावतो. विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव बुडवणे, असा त्याचा रूढ अर्थ. वैदर्भी बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करणाऱ्या समाजाला ठेवीचे पावित्र्य समजावून सांगण्याची गरज नाही. कागद नसला तरी शब्दावर ठेव परत करणारी माणसे या समाजात होऊन गेली आणि पेढ्यांची पत त्यांच्यावरच उभी राहिली. मुलीने मैत्रिणीला पाठवलेले छायाचित्र, कोणाशी विश्वासाने केलेले बोलणे, रडत सांगितलेले दुःख हीसुद्धा ठेवच असते. आणि ती मुलगी नाहीशी झाली किंवा मृत्यू पावली, तर तिचे नाव ही समाजाकडे राहिलेली तिची शेवटची ठेव असते. ती मागायला येऊ शकत नाही, म्हणून ती खर्चून टाकण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. मागणारा नसलेली ठेव जो जपतो, त्याचीच सचोटी खरी, असे जुने व्यापारी मानत. कायदाही याच दिशेने बोलतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर घेतलेला आळही बदनामी ठरू शकतो.

मग बेपत्ता झालेल्या मुलीसाठी समाजाने काय करावे? पुष्कळ करता येते. पहिली गोष्ट म्हणजे तिच्या घरच्यांना तत्काळ पोलीस ठाण्यात घेऊन जावे. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावे लागते हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. असा कोणताही नियम नाही. मूल अठरा वर्षांखालील असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार पोलिसांनी अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो. घटना दुसऱ्या शहरात घडली असली, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. अलीकडचे छायाचित्र, अंगावरचे कपडे, मोबाईलचा क्रमांक, शेवटचे बोलणे कोणाशी आणि किती वाजता झाले, सोबत किती पैसे व कोणती कागदपत्रे होती, चालू असलेली औषधे, एवढी माहिती एका कागदावर लिहून नेली तर तपासाचा पहिला तास वाया जात नाही.

शोधासाठी छायाचित्र पसरवायचे झाले, तर पोलिसांनी काढलेले निवेदन तसेच्या तसे पाठवावे. त्यात आपल्या पदरचा एक शब्दही घालू नये. संपर्कासाठी पोलीस ठाण्याचा क्रमांक द्यावा, घरच्यांचा नको, कारण त्यावर खंडणीखोर आणि थट्टेखोर दोघेही तुटून पडतात. मुलगी सापडल्याचे कळताच ते छायाचित्र सर्व गटांतून काढून टाकावे, म्हणजे पाच वर्षांनी ती नोकरीसाठी किंवा विवाहासाठी उभी राहील, तेव्हा ‘बेपत्ता’ हा शिक्का तिच्या आधी तेथे पोहोचणार नाही. कोणाला खरोखर काही ठाऊक असेल, तर ते तपास अधिकाऱ्याला सांगावे. ध्वनिफीत किंवा संदेश हाती आला, तर तो पुरावा म्हणून जपावा आणि पोलिसांकडे सोपवावा. दहा जणांकडे गेलेला पुरावा आरोपीच्या वकिलाच्याच उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट स्वीकारायला जड जाते, पण ती स्वीकारली पाहिजे. अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी स्वेच्छेने घर सोडून गेली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र आहे. पोलिसांनी तिचा शोध घेऊन जबाब नोंदवला आणि ती सुखरूप असल्याची खात्री केली, की तिची इच्छा नसताना तिचा पत्ता कोणालाही मिळू नये. नातेवाइकांना याचे दुःख होईल, रागही येईल. तो त्यांचा प्रश्न आहे आणि त्यांना तो घराच्या चार भिंतींत सोडवू द्यावा. गावाने त्यात पंच म्हणून बसण्याचे कारण नाही.

शेवटी उरते ती परतण्याची वाट. घर सोडून गेलेली अनेक मुले-मुली काही दिवसांतच परतू इच्छितात, पण मागे काय बोलले गेले आहे याच्या धास्तीने त्यांचे पाऊल उंबऱ्याबाहेरच अडते. जेथे अनुमानांनी त्यांचा निकाल आधीच लावलेला असतो, तेथे परतण्यापेक्षा परके शहर बरे वाटते. ज्या गावात कोणी काही बोललेले नसते, तेथे परतणे सोपे असते. म्हणून अशा प्रसंगी शेजाऱ्याने पाळलेले मौन ही मोठी मदत आहे. परत आलेल्या मुलीला कोणी काही विचारू नये. तिला आधी जेवायला वाढावे, झोपू द्यावे. सांगायचे असेल तेव्हा ती सांगेल, आणि ज्याला सांगावेसे वाटेल त्यालाच सांगेल. जी परत येऊ शकली नाही, तिच्या घरी भेटायला जाताना मोबाईल खिशातच ठेवावा. तिच्या आईजवळ बसावे, आणि आईने काही सांगितले, तर ते ऐकून तेथेच ठेवून यावे.